ट्यूनर चालू आहे, पण सर्व्हरला सापडत नाही

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजलाय की नाही ते तुम्हालाही कळेल.

तुम्ही न्यू जर्सीत राहता. पोटमाळ्यावर अँटेना आहे, तिची केबल एचडीहोमरन ट्यूनरमध्ये (अँटेनाचे टीव्ही चॅनेल घरच्या नेटवर्कवर देणारा डबा) जाते आणि ट्यूनर नेटवर्कच्या वायरीनं जोडलेला आहे. सर्व्हर म्हणजे एक मिनी पीसी, त्यावर उबुंटू लिनक्स आणि त्यात जेलीफिन, म्हणजे टीव्ही रेकॉर्ड करून घरभर दाखवणारं सॉफ्टवेअर. फुटबॉलचे सामने, पीबीएसचे कार्यक्रम बिनबोभाट रेकॉर्ड होत होते. मग वरच्या मजल्यावर वायफाय पोहोचत नाही म्हणून मेश संच (वायफाय घरभर पसरवणारे डबे) घेतलात, आणि तेव्हापासून जेलीफिनमध्ये 'उपकरण शोधा' केलं की काहीच सापडत नाही. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये मात्र ट्यूनरचं पान व्यवस्थित उघडतं. शिवाय टीव्हीच्या स्वतःच्या मीडिया प्लेयरमध्ये सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर दिसतो आणि चार-पाच मिनिटांत नाहीसा होतो. ट्यूनर रीसेट करून झाला, जेलीफिन काढून पुन्हा टाकून झालं. जाता जाता तुम्ही लिहिलंय की ट्यूनरचा पत्ता १९२.१६८.१.४७ आहे आणि मिनी पीसीचा १९२.१६८.६८.२०. आणि शेवटी, डिसेंबरात नागपूरला गेल्यावर तिथून रेकॉर्डिंग बघता येईल का.

ते दोन पत्ते लिहिलेत हे फार बरं केलंत. बहुतेक जण नेमके तेच लिहीत नाहीत.

पहिली गोष्ट, इथे दोन वेगळ्या तक्रारी एकत्र झाल्या आहेत. सर्व्हरला ट्यूनर सापडत नाही ही एक, आणि टीव्हीला सर्व्हर सापडत नाही ही दुसरी. दोन्हीकडे पडद्यावर 'सापडला नाही' असंच येतं, पण शोधण्याची पद्धत वेगळी, पोर्ट (यंत्राचं क्रमांक दिलेलं दार) वेगळं आणि बिघाडही वेगळा. एकीचा उपाय दुसरीवर करत बसलात तर आठवडा जाईल. म्हणून आधी ट्यूनरचं बघू.

जेलीफिन ट्यूनर शोधतं तेव्हा यूडीपी या माहितीची छोटी पॅकेटं पाठवण्याच्या पद्धतीनं ६५००१ पोर्टवर एक ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून संदेश, पाठवतं. चाळीच्या गॅलरीत उभं राहून 'कोण आहे का?' अशी हाक मारावी तसं. आपल्या चाळीत ज्याला ऐकू येईल तो ओ देतो, शेजारच्या इमारतीत ती हाक पोहोचतच नाही. नेटवर्कमध्ये ही हद्द राउटर ठरवतो. ब्रॉडकास्ट राउटरच्या पलीकडे जात नाही, आणि हे मुद्दाम केलेलं आहे, नाहीतर जगभरचे राउटर दिवसभर एकमेकांच्या हाका पोहोचवत बसले असते.

तुमचा ट्यूनर १९२.१६८.१ मध्ये आहे आणि सर्व्हर १९२.१६८.६८ मध्ये. म्हणजे घरात दोन राउटर काम करताहेत. इंटरनेट कंपनीनं दिलेला गेटवे पहिल्यापासून राउटर होताच, आणि मेशचा मुख्य डबा त्याच्यामागे दुसरा राउटर होऊन बसला. ट्यूनरची वायर गेटवेतच राहिली, मिनी पीसी मेशवर गेला. ट्यूनर बिचारा ठणठणीत आहे. हाक त्याच्यापर्यंत येत नाही, एवढंच.

मग लॅपटॉपवर पान कसं उघडतं? इथेच बहुतेकांची फसगत होते. लॅपटॉप मेशवर आहे. मेशच्या दृष्टीनं गेटवेचं नेटवर्क म्हणजे 'बाहेर', आणि आतून बाहेर जायला मेश कोणाला अडवत नाही. तुम्ही नेमका पत्ता टाईप केलात की पॅकेट मेशमधून गेटवेच्या बाजूला जातं आणि उत्तर घेऊन परत येतं. उलट्या दिशेनं, म्हणजे गेटवेच्या बाजूचं एखादं यंत्र मेशच्या आत शिरू पाहील, तर ते दारातच अडतं. तेव्हा पान उघडलं याचा अर्थ 'पत्ता माहीत असेल तर पोहोचता येतं' इतकाच घ्यायचा. 'शोधून सापडतं' ही वेगळी गोष्ट.

यातून आज रात्रीपुरता उपाय लगेच निघतो. जेलीफिनमध्ये शोधण्याच्या भानगडीत न पडता ट्यूनर हातानं जोडा: प्रकार एचडीहोमरन निवडा आणि पत्ता १९२.१६८.१.४७ टाका. मिनी पीसीही मेशच्या आत असल्यामुळे तो बाहेर पोहोचू शकतो. चित्र एचटीटीपीनं, म्हणजे वेबपानांच्याच पद्धतीनं, ५००४ पोर्टवरून येतं, त्याला ब्रॉडकास्टची गरज नाही. हे चालायला हवं. खात्री करायची तर मिनी पीसीवरूनच (लॅपटॉपवरून नको, तपासणी नेहमी ज्या यंत्राची तक्रार आहे तिथूनच करायची) ट्यूनरच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन डिस्कव्हर डॉट जेसन हे पान मागवा. मॉडेलचं नाव, फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि किती ट्यूनर आहेत ते दिसलं की मार्ग मोकळा आहे. त्याच जागी लाइनअप डॉट जेसन मागवलंत तर चॅनेलांची यादी येते. ती यादी रिकामी असेल तर नेटवर्कला दोष देऊ नका, ट्यूनरच्या पानावर जाऊन चॅनेल स्कॅन करा.

एक अपवाद आहे. कनेक्ट मालिकेच्या आधीचे जुने एचडीहोमरन एचटीटीपीनं चित्र देत नाहीत, ते यूडीपीनं थेट सर्व्हरच्या दिशेनं पाठवतात. तसा ट्यूनर असेल तर दोन राउटरांमधून चित्र येणार नाही आणि खालचा कायमचा उपाय आजच करावा लागेल. डब्याच्या खालच्या लेबलवर मॉडेल लिहिलेलं असतं.

आता कायमचा उपाय. इथे माझं उत्तर तुमच्या घरातल्या वायरी कुठून कशा गेल्यात त्यावर अवलंबून आहे, म्हणून तीन रस्ते सांगतो.

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे ट्यूनरची वायर गेटवेतून काढून मेशच्या मुख्य डब्यात लावणं. दोन्ही डबे बहुधा एकाच फळीवर शेजारी असतात, एका मिनिटाचं काम. मेशच्या डब्याला वायर लावायची पोर्टं पुष्कळदा दोनच असतात आणि एक गेटवेकडे जाण्यातच संपतं, त्यामुळे जागा पुरत नसेल तर पाच पोर्टांचा साधा नेटवर्क स्विच मध्ये घाला. वायर हलवल्यावर ट्यूनरची वीज काढून पुन्हा लावा, म्हणजे तो नवीन पत्ता मागेल आणि १९२.१६८.६८ मध्ये येईल. १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही असं समजा, वायर किंवा पोर्ट तपासा.

दुसरा रस्ता मेश ब्रिज मोडमध्ये टाकण्याचा. काही ॲपमध्ये त्याला ॲक्सेस पॉइंट मोड म्हणतात. मग मेश फक्त वायफाय पसरवतो, पत्ते वाटण्याचं काम गेटवेकडे राहतं आणि सगळं घर १९२.१६८.१ मध्ये येतं. तिसरा रस्ता याच्या उलटा: गेटवे ब्रिज मोडमध्ये आणि मेश हाच एकमेव राउटर. नेटवर्क म्हणून मला तिसरा आवडतो, पण तुमच्याकडे त्याच कंपनीचे टीव्ही बॉक्स किंवा लँडलाइन असेल तर गेटवेला हात लावण्याआधी कंपनीला विचारा, काही ठिकाणी त्या सेवा गेटवेच्या राउटरपणावरच चालतात. दुसऱ्या रस्त्यात मेशच्या ॲपमधली मुलांसाठीची बंधनं बऱ्याच संचांत बंद पडतात. घरात शाळकरी मुलं असतील तर ते तुम्हाला परवडणार नाही.

तुमच्या जागी मी असतो तर आज पहिला रस्ता धरला असता. दोन राउटर एकामागे एक असण्याचे इतरही त्रास आहेत, पण त्यातला एकही आत्ता तुमच्या रेकॉर्डिंगच्या आड येत नाही. दुसरा किंवा तिसरा रस्ता घेतलात तर प्रिंटर, कॅमेरे, टीव्ही यांच्यापैकी बऱ्याच जणांचे पत्ते बदलतील. रविवारी दुपारी घरचे सामना बघत असताना हे करायला घेऊ नका.

कुठलाही रस्ता घ्या, त्यानंतर राउटरमध्ये जाऊन ट्यूनर आणि मिनी पीसी या दोघांसाठी पत्ता राखून ठेवा. एचडीहोमरनला स्वतःमध्ये कायमचा पत्ता लिहिण्याची सोय नाही, तो राउटरकडूनच राखावा लागतो. आणि जो राउटर पत्ते वाटतो त्याच्यातच राखा. गेटवेमध्ये पूर्वी राखलेला पत्ता मेशला माहीत नसतो. हे केलंत की शोधण्याची यंत्रणा चालो न चालो, रेकॉर्डिंग अडत नाही.

दोघं एकाच नेटवर्कमध्ये आले तरी 'शोधा' काम करेलच असं नाही. उबुंटूवर फायरवॉल, म्हणजे यूएफडब्ल्यू, चालू असेल तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे. हे मी जरा खोलात सांगतो, कारण फायरवॉल नीट लावलेली असूनही लोक इथे अडकतात.

फायरवॉलचा साधा नियम असा असतो: बाहेर जाणारं सगळं जाऊ दे, आत येणारं फक्त तेव्हाच घे जेव्हा ते आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असेल. उत्तर ओळखायचं कसं? ज्या पत्त्याला विचारलं त्याच पत्त्यावरून परत आलं तर ते उत्तर. वेबसाइटच्या बाबतीत हे चोख चालतं. पण ट्यूनर शोधताना प्रश्न जातो २५५.२५५.२५५.२५५ या सर्वांसाठीच्या पत्त्यावर, आणि उत्तर येतं ट्यूनरच्या स्वतःच्या पत्त्यावरून. फायरवॉल म्हणते, या पत्त्याला तर आपण काही विचारलंच नव्हतं, आणि पॅकेट टाकून देते. ट्यूनरनं उत्तर दिलं, ते मिनी पीसीच्या दारापर्यंत आलं, आणि जेलीफिनला त्याची खबरच नाही. तुम्ही ६५००१ पोर्ट उघडलं असेल तरी फरक पडत नाही, कारण नेहमीच्या पद्धतीनं उघडलेलं पोर्ट म्हणजे आपल्या यंत्रावरचं पोर्ट, आणि इथे ६५००१ हे पाठवणाऱ्याच्या बाजूचं आहे. नियम असा हवा: ट्यूनरच्या पत्त्यावरून, त्याच्या ६५००१ पोर्टवरून येणारं यूडीपी आत घ्या, आपल्याकडे ते कुठल्याही पोर्टवर येवो.

अंदाजानं फायरवॉल बंद-चालू करण्यापेक्षा डोळ्यांनी बघा. मिनी पीसीवर एका खिडकीत टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम) चालू करा, फिल्टर यूडीपी आणि पोर्ट ६५००१. दुसऱ्या खिडकीतून जेलीफिनमध्ये 'शोधा' दाबा. तीनपैकी एक गोष्ट दिसेल. मिनी पीसीकडून ओळच निघाली नाही, तर हाक भलत्याच इंटरफेसवरून, म्हणजे नेटवर्कच्या दुसऱ्याच जोडणीवरून, जातेय. व्हीपीएन, व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क किंवा डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या पेटीत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारी यंत्रणा) तपासा. ओळ निघाली पण ट्यूनरची ओळ आली नाही, तर मधला स्विच, मेश किंवा वेगळं नेटवर्क. दोन्ही ओळी दिसल्या आणि जेलीफिन तरीही 'नाही' म्हणतंय, तर फायरवॉल. टीसीपीडंप येणारं पॅकेट फायरवॉलच्या आधी बघतं, म्हणून ही शेवटची खूण भरवशाची आहे.

डॉकरचा उल्लेख आलाच आहे तर: तुमच्याकडे जेलीफिन डॉकरच्या ब्रिज नेटवर्कमध्ये नसावं, कारण तसं असतं तर टीव्हीच्या प्लेयरमध्ये ते थोडा वेळही दिसलं नसतं. पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो. ब्रिजमधल्या कंटेनरचं स्वतःचं वेगळं नेटवर्क असतं, बहुधा १७२.१७ नं सुरू होणारं, आणि त्याची हाक त्या पेटीतच घुमते. लिनक्सवर कंटेनर होस्ट नेटवर्कवर, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या नेटवर्कवर, चालवा, प्रश्न मिटतो. मॅक आणि विंडोजवर डॉकर मुळात एका व्हर्च्युअल मशीनच्या आत असतं, तिथे त्या युक्तीवर विसंबू नका, सरळ पत्ता टाका.

आता टीव्ही. त्याच्या स्वतःच्या मीडिया प्लेयरमध्ये सर्व्हर दिसणं म्हणजे डीएलएनए, घरातली उपकरणं एकमेकांकडचे व्हिडिओ दाखवतात ती पद्धत. ते एसएसडीपी नावाच्या पद्धतीनं चालतं: २३९.२५५.२५५.२५० हा मल्टिकास्ट पत्ता आणि १९०० पोर्ट. मल्टिकास्ट ब्रॉडकास्टसारखं सर्वांसाठी नसतं. ज्यांनी त्या गटात नाव नोंदवलंय त्यांच्यासाठीच. हुशार स्विच आणि मेश ही नोंदणी चोरून ऐकतात आणि ज्या पोर्टवर नोंदणी झाली तिकडेच पॅकेट सोडतात. याला आयजीएमपी स्नूपिंग म्हणतात. वायफायवरची निष्कारण गर्दी त्यानं कमी होते, कल्पना उत्तम.

अडचण अशी की नोंदणीला मुदत असते. नेटवर्कमध्ये कोणीतरी अधूनमधून 'अजून कोण आहे?' विचारत राहावं लागतं, म्हणजे सदस्य पुन्हा नाव सांगतात. विचारणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात. प्रमाण आकड्यांप्रमाणे दर १२५ सेकंदांनी विचारणा होते आणि २६० सेकंदांत काहीच ऐकू आलं नाही तर नाव कटतं. घरगुती संचांत पुष्कळदा स्नूपिंग चालू असतं पण क्वेरिअर कोणीच नसतो. सर्व्हर रीस्टार्ट झाला की नव्यानं नाव नोंदवतो, टीव्हीला दिसतो, आणि २६० सेकंद उलटले की स्विच त्याचं नाव विसरतो. टीव्हीचा पुढचा शोध सर्व्हरपर्यंत जातच नाही. तुमची 'चार-पाच मिनिटं' म्हणजे जवळजवळ हाच आकडा, म्हणून मला दुसरं कारण शोधावंसं वाटत नाही. अर्धा तास दिसून मग गायब होत असता तर संशय दुसरीकडे गेला असता: एसएसडीपीच्या घोषणेची मुदत साधारण १८०० सेकंद धरलेली असते, आणि नंतरच्या घोषणा वाटेत हरवल्या की तेवढ्या वेळानं टीव्ही यादीतून नाव काढतो.

उपाय म्हणजे मेशच्या ॲपमध्ये आयजीएमपी स्नूपिंग बंद करणं, किंवा राउटरमध्ये क्वेरिअर चालू करण्याची सोय असेल तर ती वापरणं. दोन्ही नसेल तर फर्मवेअर अपडेट करून बघा, पण फार आशा धरू नका.

खरं सांगू का, डीएलएनएच्या मागे लागूच नका. टीव्हीवर जेलीफिनचं ॲप टाका. रोकू, फायर टीव्ही, अँड्रॉइड टीव्ही सगळीकडे ते आहे. ते ७३५९ पोर्टवर साधा ब्रॉडकास्ट करून सर्व्हर शोधतं, स्नूपिंगचा त्याच्याशी संबंध नाही, आणि तेही जमलं नाही तर मिनी पीसीचा पत्ता आणि ८०९६ पोर्ट एकदा टाईप केलं की संपलं. रिमोटनं अक्षरं वेचायचा कंटाळा येतो, पण एकदाच. टीव्ही मात्र पाहुण्यांच्या, म्हणजे गेस्ट वायफायवर नाही ना ते बघा. गेस्टवरची यंत्रं सहसा घरातल्या दुसऱ्या कुठल्याही यंत्राशी बोलू शकत नाहीत, पत्ता टाकूनसुद्धा.

फोनवर एचडीहोमरनचं ॲप ट्यूनर दाखवत नसेल तर आधी परवानगी तपासा. आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, आयफोनवर प्रत्येक ॲपला स्थानिक नेटवर्कची वेगळी परवानगी लागते. मॅकवर तीच गोष्ट २०२४ च्या सिकोयापासून आली. पहिल्यांदा आलेल्या प्रश्नाला घाईत 'नको' म्हटलं की ॲप कायमचं आंधळं होतं आणि कारणही सांगत नाही. विंडोजवाल्यांनी नेटवर्क 'पब्लिक' ठेवलंय की 'प्रायव्हेट' ते बघावं.

एवढ्यात कोणी तुम्हाला गेटवेमध्ये ६५००१ किंवा ५००४ पोर्ट फॉरवर्ड करायला सांगितलं तर ऐकू नका. ट्यूनरला पासवर्ड नाही. ते पोर्ट इंटरनेटवर उघडलं तर तुमचा ट्यूनर सगळ्यांचा होतो.

राहिलं नागपूर. तिथून बघता येईल, पण तिथेही शोधणं विसरा. मिनी पीसीवर आणि सोबत नेणार त्या लॅपटॉपवर किंवा फायर स्टिकवर टेलस्केल (दूरदूरची यंत्रं एका खासगी नेटवर्कमध्ये जोडणारं ॲप) टाका, आणि ते न्यू जर्सीतून निघायच्या आधी फोनच्या डेटावर तपासून घ्या. टेलस्केल ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्ट वाहून नेत नाही, म्हणून जेलीफिनचं ॲप तिथे सर्व्हर 'सापडला नाही' असंच म्हणेल. पत्ता हातानं टाका, आणि तो १९२.१६८ वाला नको. नागपूरच्या घरातला राउटरही १९२.१६८.१ वाटत असण्याची दाट शक्यता आहे. तुम्ही वर सांगितलेला दुसरा रस्ता घेतला असेल तर दोन्ही घरांचे पत्ते एकमेकांवर येतील आणि तुमचं ॲप सर्व्हर समजून तिथल्या कुठल्यातरी भलत्याच यंत्राचं दार ठोठावेल. टेलस्केल मिनी पीसीला १०० नं सुरू होणारा स्वतःचा पत्ता देतं, तो टाका.

वेगाचं म्हणाल तर, अमेरिकेतल्या जुन्या एटीएससी प्रसारणात एका वाहिनीच्या लहरीवर सेकंदाला १९.३९ मेगाबिट असतात, आणि मुख्य एचडी चॅनेल त्यातला बराच भाग खातं. तुमच्या घरचा अपलोड तेवढा नसेल तर जेलीफिनच्या सेटिंगमध्ये बाहेरून बघताना चार मेगाबिटची मर्यादा घाला. मिनी पीसीच्या प्रोसेसरमध्ये व्हिडिओ बारीक करण्याची सोय असेल तर ते त्याला जड जाणार नाही. ती सोय जेलीफिनमध्ये चालू आहे का हेही निघायच्या आधीच बघा.

वायर हलवून, फायरवॉलचा नियम घालूनही 'शोधा' रिकामंच आलं, तर तीन गोष्टी कळवा: ट्यूनरचा नवा पत्ता, मिनी पीसीवरून डिस्कव्हर डॉट जेसनला आलेलं उत्तर, आणि 'शोधा' दाबताना टीसीपीडंपमध्ये दिसलेल्या ओळी. त्या उत्तरात उपकरणाच्या अधिकाराचा सांकेतिक मजकूर असतो, डिव्हाइस ऑथ नावाचा. चिकटवण्याआधी तेवढा पुसून टाका.